फाडलेले पान

गिरगावातील एका जुन्या चाळीची पुनर्बांधणी ठरली आणि बिऱ्हाडे हलू लागली. आमच्या परिचयातील एका गोवेकर कुटुंबाच्या माळ्यावरून पत्र्याची एक पेटी खाली आली. तीत रोमी लिपीतील जुन्या कोकणी वृत्तपत्रांचा गठ्ठा होता. तो रद्दीवाल्याला न देता एखाद्या संशोधन संस्थेला द्यावा, असे आम्ही सुचविले. घरातील वृद्ध आंटींना ते पटले. पण त्यांनी एक अट घातली. एका अंकात त्यांच्या आजोबांवर गावच्या 'कूड'चे पैसे खाल्ल्याचा आरोप छापलेला होता. "तेवढं पान मी फाडून घेते, बाकीचं सगळं न्या," त्या म्हणाल्या.

आम्ही निरुत्तर झालो. मृतांची अब्रू राखावी की सत्य राखावे?

ही पत्रे कोणाची होती, ते आधी पाहू. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. पण तेथील पोर्तुगीज सत्तेने १६८४ साली फर्मान काढून कोकणीच्या वापरावरच बंदी घातली. कोकणीतील पहिले नियतकालिक निघाले ते पुण्यात. एदुआर्द ब्रूनो द सौझा यांनी १८८९ साली तेथे 'उदेंतेचें साळक' सुरू केले. पुढे मुंबईत अशी अनेक पत्रे निघाली. कराचीतील गोवेकरांसाठी १९१५ साली 'दर म्हयन्याची रोटी' हे मासिक तेथेच जन्मले. गोव्यात सालाझारच्या राजवटीची सेन्सॉरशिप असताना त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९५३ साली 'फ्री गोवा' मुंबईहूनच काढले. जे घरी बोलता येत नव्हते, ते परमुलखात छापले गेले.

धोबीतलाव, चिराबाजार, माझगाव येथील कूड म्हणजे एकेका गावच्या माणसांनी चालविलेली सामाईक बिऱ्हाडे. एक वेदी, भिंतीलगत ट्रंकांची ओळ आणि बोटीची वाट पाहणारे खलाशी, आचारी, बटलर. श्रीमंतांच्या मागे तैलचित्रे आणि दस्तऐवज उरतात. या माणसांची नावे धर्मग्रामाच्या नोंदवहीत सापडतात : बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू. नोंदवही त्यांचे काय झाले ते सांगते; ते काय बोलले, कशावर भांडले, कशाला हसले, ते या वृत्तपत्रांतच सापडते. म्हणून "या रद्दीवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा गरिबांना द्या," असे कोणी म्हणाले, तर आम्ही एवढेच म्हणू की, ही रद्दी गरिबांचीच ठेव आहे. क्रोएशियातून अमेरिकेत गेलेल्या खाणकामगारांनी आणि पोलादकामगारांनीही आपल्या भाषेत पत्रे चालविली. मुलूख बदलला तरी माणसाची ही गरज बदलत नाही.

आणि ही ठेव अल्पायुषी आहे. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल तयार होते; तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो. मुंबईची दमट हवा आणि वाळवी उरलेले काम करतात. चिकटपट्टी लावून जोडू जावे, तर डाग पडून नुकसान वाढते.

आता त्या पानाकडे वळू. आंटींची व्यथा खोटी नव्हती. दुसऱ्याच्या नावाला काळिमा लावू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले आहे आणि जुन्या कागदांत दुसऱ्यांची लाज शोधत बसणे हेही पापच. परंतु छापलेला आरोप म्हणजे निवाडा नव्हे. त्याच अंकाची दुसरी प्रत कोठेतरी असू शकते. फाडलेले पान आरोप पुसत नाही, उलट संशय वाढविते.

शिवाय प्रत्येक घराने आपल्या गैरसोयीचे पान फाडले, तर उरेल काय? मुंबईच्या ख्रिस्ती समाजात पाद्रुआदो आणि प्रोपगांडा या दोन अधिकारक्षेत्रांचा वाद १९२८ पर्यंत चालला. एका शहरात दोन बिशप, एका घरात दोन तट. आज ते आठवून आपण ओशाळतो. पण ती भांडणे पुसून टाकली, तर आजचा सलोखा किती कष्टाने मिळाला हे मुलांना कसे कळणार? केवळ सज्जनांनी भरलेला इतिहास हा पूर्वजांचा सन्मान नव्हे. त्यांना माणूसपण नाकारणे आहे.

आम्ही आंटींना मधला मार्ग सुचविला. गठ्ठा अखंड द्यावा. तो विशिष्ट अंक काही वर्षे वाचकांना दाखवू नये, अशी अट संस्थेशी बोलून घालता येते. कुटुंबाला जे ठाऊक आहे, ते लिहून सोबत ठेवावे. मुंबईत झेवियर महाविद्यालयातील हेरास संस्था, गोव्यात पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र आणि थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र अशांकडे विचारणा करता येते.

आंटी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पुढच्या अंकात आजोबांनी उत्तर दिलं असेल का हो?" आम्ही सारा गठ्ठा चाळला. नेमका पुढचा अंक नव्हता.

त्यांनी पान फाडले नाही. वाचकहो, तो पुढचा अंक कदाचित आपल्यापैकी कोणाच्या तरी माळ्यावर असेल. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा पेटी उघडून पाहावी.