मोठेपणाचा अपराध

कर्म ज्याचे, भोगही त्याचाच, हा सिद्धान्त आपल्या मनात इतका खोल रुजलेला आहे की एखाद्या यंत्रात कोणाचा बळी गेलेला पाहिला, तरी आपण त्याचा अपराध शोधू लागतो. लिनक्स या संगणकप्रणालीत मात्र हा शोध निष्फळ ठरतो. १६ गिगाबाइट मेमरीच्या सर्व्हरवर ९ गिगाबाइट व्यापून एखादा डेटाबेस आपले नेमून दिलेले काम निमूटपणे करीत असतो. मध्यरात्री बॅकअपचा एक किरकोळ प्रोग्राम उरलीसुरली मेमरी संपवून आणखी थोडी मागतो, डिस्कवरची राखीव जागा, म्हणजे स्वॅपही भरून गेलेला असतो, आणि कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ज्याचा तत्काळ अंत करतो तो हा मागणारा नव्हे, तर तो डेटाबेस. हे मारण्याचे फर्मान कोणत्याही प्रोसेसला, म्हणजे चालत्या प्रोग्रामला, अडवता येत नाही, आवराआवरीलाही सवड मिळत नाही. लॉगच्या दप्तरात त्याचे नाव आणि क्रमांक नोंदला जातो.

पूर्वी बळी निवडताना गुणावगुणांचा हिशेब होत असे. ज्या प्रोसेसने प्रोसेसरचा पुष्कळ वेळ खर्चून काम तडीस आणत आणले आहे, जी दीर्घकाळ चालत आलेली आहे, तिचे दोषांक, म्हणजे बळी ठरवणारे गुण, घटत. रूट या सर्वाधिकाऱ्याच्या प्रोसेसचे चतुर्थांशावर येत. आणि जिने इतरांना वाट देऊन स्वतःकडे दुय्यम प्राधान्य घेतले, तिचे मात्र दुप्पट होत, कारण तिचे काम कमी मोलाचे असावे असे गृहीत धरलेले होते. हे शेवटचे कलम मला अन्यायाचेच वाटते. २०१० साली डेव्हिड रिएन्ट्जेस यांनी ही रीत नव्याने लिहिली आणि प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी हाच मुख्य निकष ठरला. गुणांची पारख करण्याचा अधिकार कर्नलाने सोडून दिला. यात मला कठोरपणापेक्षा प्रामाणिकपणा अधिक दिसतो, कारण प्राणसंकटाच्या क्षणी कोणाचे आयुष्य अधिक मोलाचे हे ठरवण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी कधीच नव्हते.

परंतु खरा दोष या घटकेच्या कितीतरी आधी घडलेला असतो. प्रोग्राम मागतात पुष्कळ आणि वापरतात थोडे, या अनुभवावर विसंबून कर्नल शिलकीपेक्षा अधिक मेमरीचे अर्ज मंजूर करीत राहतो. मंजूर झालेले मेमरीचे पान प्रत्यक्षात हाती पडते ते त्यावर पहिल्यांदा लिहिले जाते तेव्हाच. महाभारतातील एकचक्रा नगरीत बकासुराकडे जाण्याची पाळी घरोघर ठरलेली होती. ती रीत क्रूर खरी, पण तिने कोणत्याही घराला खोटे अभय दिले नव्हते. येथे अभय सर्वांनाच दिलेले असते. मंजुरी शिलकीच्या हिशेबात राखण्याची सोयही कर्नलात आहे, पण मग ऐनवेळी लागणार नाही अशी मेमरीदेखील अडकून पडते, म्हणून बहुतेक ठिकाणी ही सोय बंदच असते.

उरतो माणसाचा हस्तक्षेप. प्रत्येक प्रोसेसच्या दोषांकात उणे १००० पासून अधिक १००० पर्यंत भर घालता येते, आणि उणे १००० लिहिले की तिला संपूर्ण माफी मिळते. बाहेरून सर्व्हरमध्ये शिरण्याचा दरवाजा राखणारा ओपनएसएसएच लिनक्सवर ही माफी स्वतःच घेतो, आणि ते योग्यही आहे, कारण तोच गेला तर दुरुस्तीला येणार कोण? मात्र अशी प्रत्येक माफी संकटाचा भार माफी नसलेल्यांवर ढकलते, आणि तो कोणावर पडावा हे ती लिहिणाऱ्यानेच ठरवलेले असते, मग ते त्याच्या ध्यानात असो वा नसो. सगळ्यांनाच माफी लिहून दिली, तर मारण्याजोगे कोणी न उरल्यामुळे कर्नल पॅनिक घोषित करतो आणि संपूर्ण यंत्र जागच्या जागी थांबते.