चांगल्या वर्तणुकीची विधवा

मेलेल्या सैनिकाच्या बायकोला मदत देण्याआधी तिचं चारित्र्य तपासावं का? आज असं कुणी उघडपणे विचारणार नाही. व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडमध्ये हा प्रश्नच नव्हता. तपासायचं, हे गृहीतच होतं.

तेव्हाच्या ब्रिटिश सैन्यात साध्या शिपायाला लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागे, आणि ती मोजक्यांनाच मिळे. त्यांच्या बायका 'ऑन द स्ट्रेंग्थ'. म्हणजे बराकीत जागा, थोडं रेशन, पलटणीचे कपडे धुण्याचं काम. परवानगीशिवाय लग्न केलं असेल, तर ती बायको सैन्याच्या लेखी नव्हतीच. (आमच्या भाषेत, डेटाबेसमध्ये रेकॉर्डच नाही.) १८५४ मध्ये पलटणी क्रिमियाच्या युद्धावर निघाल्या, तेव्हा रेकॉर्डवर असलेल्यांपैकीही सोबत कोण जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरलं.

नवरा गेला तर? अधिकाऱ्यांच्या विधवांना अठराव्या शतकापासून पेन्शन होतं. शिपायाच्या विधवेला नव्हतं.

ही पोकळी देणग्यांनी भरली. त्याच वर्षी निघालेल्या पेट्रिऑटिक फंडात दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. सैनिकांच्या पोरक्या मुलींसाठी वॉन्ड्सवर्थला टोलेजंग इमारत झाली. किंग्स्टनजवळ ड्यूक ऑफ केंब्रिजच्या स्मरणार्थ साध्या सैनिकांच्या वयस्क विधवांसाठी आश्रम निघाला. पण फंडाचा भत्ता वर्तणुकीवर अवलंबून असे. बाई कुणासोबत राहते असं कळलं, की तो बंद.

पैसे देणारा अट घालू शकतो, हे मला मान्य आहे. मी उद्या एखाद्या मुलीची फी भरली, तर तिने कॉलेजला जावं असं म्हणेनच. पण ती मुलगी माझं काही देणं लागत नाही, तसंच मीही तिचं काही लागत नाही. इथे तसं नव्हतं. ज्या राज्याच्या कामी नवऱ्याचा जीव गेला, ते राज्य त्या बाईचं देणं लागत होतं. ते त्याने चुकवलं नाही, आणि ती जागा दानाने घेतली. ज्याने वसुलीला जायचं, त्यालाच हात जोडून उभं राहावं लागलं.

मग दात्यांनी देऊ नये? असं मी म्हणणार नाही. म्हातारीच्या डोक्यावर छप्पर आलं, ही खोटी गोष्ट नाही. भूक तत्त्व ठरेपर्यंत थांबत नाही. फक्त, दार एकच असेल तर त्यावरची अट ही अट राहत नाही, हुकूम होतो. आणि दान छान चाललंय म्हटल्यावर सरकारलाही घाई उरत नाही.

१९०१ मध्ये शिपायांच्या विधवांना सरकारी पेन्शन सुरू झालं, तेही रेकॉर्डवरच्याच. बाकीच्यांना पहिलं महायुद्ध उजाडावं लागलं. वर्तणुकीची अट मात्र सरकारने दानाकडून जशीच्या तशी उचलली. शेजाऱ्याच्या तक्रारीवरून चौकशी होई, आणि पेन्शन थांबे.