बंदिवान राजा आणि बिननावाचे शिपाई

रत्नागिरीस पाहुणा आला की त्यास थिबा राजवाडा दाखविण्याचा येथे प्रघात आहे. आम्हीही आजवर कितीतरी जणांना तेथे नेले असेल. सेमिनरीतले जुने सहाध्यायी, सुट्टीवर आलेल्या धर्मभगिनी, मुंबईहून उतरलेली कुटुंबे. सर्वांना तीच तीन मजली इमारत, त्याच कमानी, खाली तीच भाट्याची खाडी, आणि आमचे तेच ठरलेले वाक्य : "येथे ब्रह्मदेशाचा राजा राहत असे." गेल्या पावसाळ्यात युद्धकैद्यांविषयीचे काही इतिहासग्रंथ आमच्या वाचनात आले, आणि त्या वाक्यातील "राहत असे" हे क्रियापद आम्हांस प्रथमच खटकले. राजा येथे राहत नव्हता, त्यास येथे ठेवले होते.

इंग्रजांचे ब्रह्मदेशाशी तिसरे युद्ध नोव्हेंबर १८८५ मध्ये झाले. ते जेमतेम दोन आठवडे चालले. २९ नोव्हेंबर रोजी थिबा राजास राण्यांसह मंडालेच्या राजवाड्यातून बाहेर काढून आगबोटीवर चढविण्यात आले. रंगूनहून मद्रास, आणि तेथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तेव्हा राजाचे वय सत्तावीस वर्षांचे होते. समोर समुद्र, पाठीशी सह्याद्री, पावसाळ्यात आगबोटी बंद आणि आगगाडीचे नाव नाही (ती या गावास यावयास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली), अशा या बंदरात तो डिसेंबर १९१६ मध्ये मरण पावला. पंधरवड्याचे युद्ध आणि एकतीस वर्षांचा बंदिवास, हे प्रमाण वाचकांनी ध्यानी घ्यावे.

थिबा काही संत नव्हता. तो गादीवर आल्यानंतर थोड्याच अवधीत, १८७९ साली, राजघराण्यातील ऐंशीच्या सुमारास माणसे मारली गेली. दोष राणी सुपयालतच्या आईचा म्हणा, मंत्र्यांचा म्हणा, राजा या नात्याने त्या रक्ताचा वाटा त्याच्या माथी येतोच. लहानपणी त्याने मंडालेतील अँग्लिकन मिशनच्या शाळेत काही काळ शिक्षण घेतले होते, पुढे बौद्ध मठात पाली ग्रंथांचे अध्ययन केले होते. यांपैकी कशानेही ती हत्या थांबली नाही. हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण बंदिवानाविषयी करुणा वाटण्यासाठी तो निरपराध असावा लागतो, अशी आपल्यापैकी अनेकांची सुप्त समजूत असते. इंग्रजांनीही त्याच्या क्रौर्याचा पुष्कळ डंका पिटला. परंतु त्यास ठेवले ते त्या हत्येबद्दल नव्हे. तसा खटला कधी चाललाच नाही. त्यास ठेवले ते तो राजा होता म्हणून.

युद्ध हे राज्याराज्यांतील भांडण असते, माणसामाणसांतील नव्हे, आणि शत्रूने शस्त्र खाली ठेवले की तो पुन्हा केवळ माणूस होतो, असा विचार रूसोने १७६२ साली मांडला. तह झाल्यावर युद्धकैद्यांना शक्य तितक्या लवकर मायदेशी पाठवावे, हे हेगच्या करारांनी १८९९ आणि १९०७ साली राष्ट्रांकडून मान्य करवून घेतले. विचार उत्तम आहे. पण थिबाच्या बाबतीत तह कोणाशी व्हावयाचा? १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्यच खालसा झाले. त्याला परत मागणारे कोणी उरले नाही, परत पाठवावे असे ठिकाणही उरले नाही. शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याला याच सत्तेने १८५८ साली दिल्लीहून रंगूनला धाडले होते आणि तेथेच १८६२ साली त्याचा अंत झाला. दिल्लीचा राजा रंगूनला आणि मंडालेचा रत्नागिरीला, अशी ती अदलाबदल होती.

त्याचा छळ झाला असे म्हणता येणार नाही. त्यास तनखा मिळे, बंगले मिळाले, नोकरचाकर होते, वैद्यकीय देखरेख होती. आणि १९१० साली, चोवीस वर्षांच्या वास्तव्यानंतर, हा राजवाडा बांधून पूर्ण झाला. येथेच आमचे मन अडखळते. भाड्याच्या किंवा तात्पुरत्या घरात राहणाऱ्या कैद्यास एक आशा असते. हे घर तात्पुरते, म्हणजे आपणही तात्पुरते. पक्का राजवाडा बांधून देणे म्हणजे त्या आशेवर चिरा बसविणे होय. ज्या इमारतीला आपण सरकारचे औदार्य म्हणून दाखवितो, ती त्या माणसास बहुधा शिक्षेचा निकाल वाटली असेल. मरणानंतरही त्याची प्रतीक्षा संपली नाही. राणी सुपयालतला पतीचा देह मायदेशी न्यावयाचा होता. सरकारने ते मानले नाही. अखेर मार्च १९१९ मध्ये, १९१२ साली वारलेल्या धाकट्या राणीच्या देहासह, त्याचे येथेच दफन झाले. त्यानंतर राणीला मुलींसह ब्रह्मदेशी जाऊ दिले. मेलेला राजाही सव्वादोन वर्षे वाट पाहत होता.

आता त्याच १९१६ सालाची दुसरी बाजू पाहू.

त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही मोडत असे, आणि या जिल्ह्यातून मराठा पलटणींसाठी मोठी भरती होत असे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन लढत होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. टायग्रिस नदीच्या वळणातील कूत या गावी तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ रोजी या फौजेस वेढा घातला. वेढा १४७ दिवस टिकला. २९ एप्रिल १९१६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणास पुरता आठवडाही झाला नव्हता तेव्हा, सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली.

वेढ्यातील एक गोष्ट आम्हांस विशेष विचारात पाडते. धान्य आटल्यावर घोडे कापण्यात आले. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले, हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी एप्रिल उजाडेपर्यंत नाकारले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा बिनतारी यंत्राने मागवून त्यांना सांगण्यात आली, तरी ते बिचकत राहिले. भीती धर्माची होतीच, पण त्याहून गावाची होती. परतल्यावर पंगतीत कोण घेईल? मुलीला स्थळ कोण देईल? ज्या गावाकडे परतण्यासाठी जगावयाचे, त्या गावाच्या भयानेच ते उपाशी राहिले आणि हिरड्यांतून रक्त येऊन खंगले. बाहेरचा वेढा तुर्कांचा होता, आतला आपलाच होता. कोकणातील पंगतींचा इतिहास ज्यांनी ऐकला आहे त्यांना अधिक सांगणे नको. आपल्या ख्रिस्ती समाजातही पंगती निराळ्या नव्हत्या असे छातीठोकपणे कोण म्हणेल?

शरणागतीनंतर अधिकारी आणि शिपाई वेगळे करण्यात आले. जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या प्रिन्किपो बेटावर सन्मानाने राहिला. शिपायांना मात्र बगदाद, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐनपर्यंत बहुतांश पायी हाकण्यात आले. उन्हाळ्याचे दिवस, अंगात आमांश, पायांत जोडे नाहीत. वाटेत जो बसला तो मागे राहिला. जे पोहोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपले. सुमारे २,६०० गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक कैदेत मेले. हिंदी माणसांतील हजारो परतले नाहीत, आणि त्यांतील कितीकांचा शेवट कोठे झाला याची नोंदही नाही. शिशिरप्रसाद सर्वाधिकारी हा बंगाली रुग्णसेवा पथकातील तरुण त्या तांड्यात होता. पुढे त्याने 'अभि ले बगदाद' या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या. त्याच वाटांवर घरादारांतून हाकललेल्या आर्मेनियन ख्रिस्ती लोकांच्या हालांचाही तो साक्षी होता.

म्हणजे १९१६ साली रत्नागिरीच्या मातीत एक परदेशी राजा बंदिवान होता, आणि त्याच मातीतले शिपाई परदेशी वाळूत बंदिवान होते. आपल्या उंबऱ्यावरचा कैदी आणि आपल्या घरचा कैदी. इकडच्या कोणा माउलीने टेकडीवरच्या राजवाड्याकडे पाहून, आपला मुलगाही असाच कोठेतरी अडकला असेल, असे मनात आणले असेल काय? ती जोडणी कागदपत्रांत सापडावयाची नाही. आम्ही ती आज करीत आहो.

या दोन बंदिवासांत एक भेद सरळ दिसतो. राजास राजवाडा मिळाला, जनरलास बेट मिळाले, शिपायास रस्ता मिळाला. शत्रू कितीही क्रूर असो, हुद्द्यापुढे तो बहुधा नमतो. कारण हुद्दा त्यास ओळखता येतो, माणूस येत नाही. पण थोडे खोल गेल्यावर आम्हांस दुसरी गोष्ट दिसू लागली. रणांगणावरचा मृत्यू क्रोधात घडतो. कैद्याचे हाल मात्र क्रोध निवल्यावर, थंड डोक्याने घडतात, आणि पुष्कळदा कोणाच्याच इच्छेने घडत नाहीत. कूतच्या शिपायांना मारावे असा सरसकट हुकूम नव्हता. त्यांच्यासाठी गाड्या कोणी मागविल्या नाहीत, भाकरीची सोय कोणी पाहिली नाही, आजाऱ्यांची मोजदाद कोणाच्या कामात येत नव्हती. पहारेकरी तुर्क शिपाईही अर्धपोटी होते. तिकडे थिबाचे पत्र एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाई आणि विनंती अमान्य झाल्याचे सभ्य उत्तर येई. एकीकडे बेपर्वाई, दुसरीकडे शिस्त. पण दोहोंकडे कैद्याकडे पाहणारे डोळे नव्हते.

संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाचा प्रसंग आपण ख्रिस्तराजाच्या सणाला तीन वर्षांतून एकदा ऐकतो. त्यात डाव्या बाजूस उभे केलेल्या लोकांनी कोणाला चाबूक मारलेला नाही, कोणाला कोंडलेले नाही. ते केवळ गेले नाहीत. आणि आपण गेलो नाही हेही त्यांच्या गावी नाही. आम्ही या उताऱ्यावर कितीतरी प्रवचने दिली आहेत आणि प्रत्येक वेळी भर भुकेल्यांवर व आजाऱ्यांवर दिला आहे. बंदिवान हा शब्द आम्ही यादीच्या शेवटी, घड्याळाकडे पाहत उरकीत आलो. नाताळात गावच्या तुरुंगात केक घेऊन जातो, गीते म्हणतो आणि काळोख पडण्यापूर्वी परततो, हे त्यावरचे उत्तर म्हणून पुरेसे नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

ख्रिस्तसभेत हे ओळखणारे झाले नाहीत असे नाही. संत पेत्र नोलास्को यांनी बार्सिलोनात १२१८ साली स्थापिलेल्या मर्सिडेरियन संघाचे सदस्य चौथे व्रत घेत : पैसा अपुरा पडला तर बंदिवानाच्या जागी स्वतः ओलीस राहण्याचे. संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी १९४१ साली आउश्वित्झमध्ये एका अनोळखी कैद्याची जागा मागून घेतली. तो कैदी १९९५ पर्यंत जगला. परंतु त्याच भूमध्य समुद्रात ख्रिस्ती सरदारांच्या गलबतांवरही मुसलमान बंदिवान वल्ही मारीत होते, हे आपण सणाच्या प्रवचनात सांगत नाही.

आणि आपले राष्ट्र? १९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात आले. त्यांच्या अन्नवस्त्राची व्यवस्था झाली, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार लढाई थांबल्यावर कैद्यांची सुटका विनाविलंब व्हावयास हवी होती. शेवटची तुकडी परतली ती एप्रिल १९७४ मध्ये. कारणे होती. बांगलादेशाची संमती हवी होती, मान्यतेचा प्रश्न होता. तरीही माणूस वाटाघाटीतील नाणे झाला की त्यास कितीही चांगले जेवण दिले तरी तो नाणेच राहतो, असे आमचे मत आहे, आणि ते काही वाचकांना रुचणार नाही. त्याच युद्धातील आपले ५४ जवान पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे आपले सरकार सांगत आले आणि पाकिस्तान नाकारीत आले. त्या घरांतील मातांना हा प्रश्न तात्त्विक नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसविल्या. महाराष्ट्रातही काही ठिकाणी त्या दिसतात. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. दोनच आकडे. जो मधल्या काळात रास-अल-ऐनला दगड फोडीत होता आणि कसाबसा परतला, त्याच्यासाठी त्या पाटीवर रकाना नाही. इराकमध्ये बसरा येथील स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या दिली गेली. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल २०२१ साली क्षमा मागितली. थिबाच्या समाधीवर डिसेंबर २०१२ मध्ये त्याच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष येऊन नतमस्तक होऊन गेले. शिपायांकडे कोणी जावे, तर समाधीच नाही.

नोव्हेंबर महिन्यात आपल्याकडे मृतांसाठी नावांची यादी देण्याची पद्धत आहे. घरोघरचे कागद येतात आणि मिस्सामध्ये नावे वाचली जातात. यंदा आम्हीही एक कागद दिला. नावे तर ठाऊक नाहीत, म्हणून "कूतहून न परतलेले या जिल्ह्यातील शिपाई" एवढेच लिहिले. त्यांतील बहुतेक आपल्या धर्माचे नव्हते, हे ठाऊक असूनही लिहिले. धर्मग्रामाच्या कचेरीत नोंदी ठेवणारे गृहस्थ कागद उलटसुलट पाहून म्हणाले, "फादर, ही नोंद कोणाच्या घरची म्हणून मांडू?" आम्ही ती आमच्या नावावर मांडावयास सांगितली.