पोरक्याचा राग

दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आमच्या धर्मग्रामात एक साधी प्रथा पाळली जाते. वेदीपुढे एक लाकडी पेटी ठेवलेली असते. माणसे आपापल्या दिवंगतांची नावे चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतात, आणि महिनाभर प्रत्येक मिस्सात त्या सर्वांसाठी प्रार्थना होते. बोर्डिंगच्या मुलांनाही आदल्या संध्याकाळी चिठ्ठ्या वाटल्या जातात. बऱ्याच वर्षांपूर्वी, आम्ही दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यात सेवेला असताना, ११ वर्षांच्या एका मुलाने आपली चिठ्ठी कोरीच परत केली. त्याचे वडील त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेले होते. गेले म्हणजे कसे, हे वऱ्हाडातील वाचकांना आम्ही सांगावयास नको.

आम्ही त्याला ऑफिसात बोलावले. (पापनिवेदनात कानी आलेले काहीही आमच्या ओठांवर येणार नाही, हे वाचक जाणतातच. हे बोलणे टेबलाच्या दोन बाजूंना बसून झाले, आणि येथेही ओळख पटेल असा तपशील आम्ही ठेवलेला नाही.) चिठ्ठी कोरी का, असे विचारल्यावर तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबानं जातानी मले इचारलं काय, फादर? मग मी काऊन त्याचं नाव लिहू?"

आम्ही त्याला चौथी आज्ञा सांगितली. मातापित्यांचा मान राखावा, मृतांवर राग धरू नये, क्षमा करावी, प्रार्थनेने मन शांत होते, असे सारे योग्य आणि शास्त्रशुद्ध बोललो. मुलगा आज्ञाधारक होता. त्याने तेथेच, आमच्याच पेनने, वळणदार अक्षरात वडिलांचे नाव लिहिले आणि चिठ्ठी आमच्या हाती दिली. आम्हांला समाधान वाटले. त्या समाधानाची आज आम्हांला लाज वाटते.

त्यानंतर तो मुलगा कधी कोणाशी भांडला नाही. त्याच्या शांतपणाचे आम्ही सिस्टरांपाशी कौतुकही केले. चार-पाच वर्षांनी त्याची आई भेटली. मुलगा दहावीनंतर शाळा सोडून एका जिनिंगमध्ये कामाला लागला होता. ती म्हणाली, "भांडला असता तं बरं झालं असतं, फादर. थो घरात हाय का नाही, तेच समजत नाही."

या एका वाक्याने आम्हांला पुन्हा पुस्तकांकडे वळविले. जो बाप किंवा जी आई आपल्याला सोडून गेली, तिच्यावर मुलाने रागावणे हे पाप आहे काय? आणि पाप नसेल, तर त्याला क्षमा करावयास सांगण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

प्रश्न एका मुलाचा नाही. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवनाचा अंत केला. त्या घटनेस आता कित्येक वर्षे लोटली, आणि दरवर्षी त्या तारखेला कित्येक लोक अन्नत्याग करून तिचे स्मरण करतात. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. कर्ज, कापसाचा भाव, पाऊस, बियाणे यांवर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते लिहिले जाणे आवश्यकच होते. परंतु त्या घरांतील मुले दोन-चार ओळींतच उरकली जातात. 'पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार आहे', एवढीच त्यांची नोंद.

त्या मुलांना वडिलांच्या मृत्यूबरोबर एक शब्दही ऐकावा लागतो. शासनाच्या १ लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र', हे जिल्ह्याची समिती ठरविते. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज बँकेचे की खासगी, त्याची परतफेड थकली होती काय, हे तपासले जाते. पात्र ठरल्यास ३० हजार हाती येतात आणि ७० हजार ठेव म्हणून राहतात. प्रशासनाला काही निकष लागतात, हे आम्ही समजू शकतो. परंतु आपल्या बापाचे मरण अपात्र ठरले, हे वाक्य चौथीतले मूल जेव्हा ओट्यावर बसून ऐकते, तेव्हा त्याच्या मनात काय पेटत असेल याचा विचार कोणत्याही निकषात बसत नाही.

असे असूनही, आमच्या अनुभवात, मुलाचा राग सावकारावर किंवा बँकेवर फार काळ टिकत नाही. तो फिरून बापावरच येतो. याचे कारण आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांच्यापाशी सापडले. गुरुविद्यालयात परीक्षेपुरते पाठ केलेले ते पान, पस्तिशी उलटल्यावर आम्ही प्रथमच नीट वाचले असे म्हटले तरी चालेल.

रागाविषयी जुन्या विचारवंतांत दोन तट आहेत. रोमन तत्त्वज्ञ सेनेका रागाला अल्पकाळचे वेड समजतो. तो समूळ उपटावा, असे त्याचे मत. ॲरिस्टॉटल मात्र नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात वेगळा विचार मांडतो. ज्या गोष्टीवर रागवायलाच हवे तीवर जो रागावत नाही, तो त्याच्या दृष्टीने शहाणा नव्हे. संत थॉमस ॲरिस्टॉटलच्या बाजूचे आहेत. परंतु ते आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगतात. राग केवळ दुःखातून उत्पन्न होत नाही. दुःखाबरोबर आशाही लागते. झालेल्या अन्यायाची भरपाई होऊ शकेल, समोरच्याला आपले म्हणणे ऐकावे लागेल, असे ज्याला कोठेतरी वाटते तोच रागावतो. जेथे ती आशा संपली, तेथे राग विझतो आणि निव्वळ खिन्नता उरते.

हे वाचले आणि ती कोरी चिठ्ठी डोळ्यांपुढे आली. सावकाराकडून त्या मुलाला कसलीच अपेक्षा नव्हती. बापाकडून होती. 'मले इचारलं काय' या प्रश्नात, आपल्याला विचारले जावे एवढे आपण त्या माणसाचे होतो, हा दावा आहे. तो दावा प्रेमाचा होता आणि न्याय्य होता. आम्ही त्या मुलाचा राग शमविला, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात आम्ही त्याच्या रागातली आशा काढून घेतली, आणि त्याची आई ज्याविषयी बोलली ती निःशब्दता त्याच्यापाशी उरली.

आता चौथ्या आज्ञेविषयी. संत पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना या आज्ञेची आठवण करून देतात, आणि लगेच वडिलांकडे वळून, मुलांना चिडीस आणू नका, असे बजावतात. म्हणजे आज्ञेच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी आहेत, आणि मुलाच्या रागाला कारण असू शकते हे प्रेषिताने गृहीतच धरले आहे. आमच्या प्रवचनांत पहिला अर्धा भागच का येतो, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला. प्रवचन करणारा वयाने मोठा असतो, हे एक उत्तर असावे.

मराठी माणसाला या संदर्भात आळंदीची चार भावंडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी समाजाच्या निवाड्यापुढे मान तुकवून देहांत प्रायश्चित्त घेतले आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता मागे राहिली, अशी परंपरा आहे. आई-वडिलांनी मुलांच्याच भल्यासाठी म्हणून जीव द्यावा आणि मुलांचे भले तरीही होऊ नये, ही कथा आपल्या गावांत आजही घडते. पुढे कोणीतरी केलेल्या अपमानाने ज्ञानदेव संतापले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. ते ज्ञानदेवही रागावले, याचा आम्हांला मोठा धीर वाटतो. मुक्ताबाई ताटीबाहेर उभी राहिली आणि तिने राग सोडण्याची विनवणी केली. तेच ताटीचे अभंग. येथे कोणी म्हणेल, मग तुम्हीही त्या मुलाला तेच सांगितले. शब्द कदाचित तेच असतील. परंतु मुक्ताबाईने तेच आई-बाप गमावले होते, आणि ताटी उघडेपर्यंत ती तेथून हलली नाही. आम्ही टेबलामागे बसलो होतो, आणि साडेसहाची प्रार्थना चुकू नये म्हणून घड्याळाकडे पाहत होतो.

दत्तक मुलांचा राग याच जातीचा, फक्त त्याचे लक्ष्य दुसरे. अकोल्याच्या एका कुटुंबातील नऊ वर्षांच्या मुलीला आपण दत्तक आहोत हे एका लग्नाच्या मांडवात परक्या बाईकडून कळले. त्यानंतर वर्षभर तिने आईला आई म्हटले नाही. ताट भिरकावले, दप्तर विहिरीत टाकले. आई आमच्याकडे येऊन रडली की आम्ही हिच्यासाठी काय केले नाही. तिला वाटत होते की मुलगी तिला नाकारते आहे. जिने जन्म देऊन सोडले तिचा पत्ता मुलीला ठाऊक नव्हता. मग तिच्या वाट्याचा राग ती कोणाकडे नेणार? जी सोडून जाणार नाही असे वाटते तिच्याकडेच. किंबहुना ही तरी राहते का, हे ती रोज ताट फेकून पाहत होती. सत्य घरातच, लहानपणीच, गोष्टीसारखे सांगितले असते तर मांडवातला तो दिवस टळला असता, हे आम्ही त्या दांपत्याला सांगितले. राग मात्र टळलाच असता, असे आम्ही म्हणणार नाही.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत तर कायद्यानेही दीर्घकाळ या भीतीला खतपाणी घातले. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता होता. आपल्याला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचा आधार घ्यावा लागे. त्यात मूल 'पाल्य' ठरे, आणि ते सज्ञान झाले की पालकत्व संपे. घरात लेक, कागदावर पाल्य. बाल न्याय अधिनियम २००० साली आला, २००६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कोणत्याही धर्माच्या दांपत्याला पूर्ण अर्थाने दत्तक घेण्याची वाट मोकळी झाली. आमच्या जुन्या नोंदवह्यांत अशी पाल्य मुले आढळतात. ती आज चाळिशीत असतील.

मुदत, हीच त्यातली बोचरी गोष्ट. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी स्थानकांवर, रस्त्यांवर टाकून दिलेली अपंग आणि मतिमंद मुले वाढविली, आणि पित्याच्या रकान्यात आपले नाव लिहिले. शासनाने त्यांना २०२४ साली पद्मश्री दिली. संस्थेतील मुलाला १८ वर्षे पूर्ण झाली की बाहेर पडावे लागते, हा नियम अशा मुलांना लागू नसावा, हा त्यांचा अनेक वर्षांचा आग्रह. पुरस्कारापेक्षा आम्हांला हा आग्रह मोलाचा वाटतो. बापाला मुदत नसते, एवढेच ते सरकारला सांगत आहेत.

आणि आम्ही? आमच्या बोर्डिंगात काच फुटली, शिवीगाळ झाली की एक वाक्य तयार असे: पुन्हा असे केलेस तर दाखला हाती देऊ. ज्या मुलाला एकदा टाकून दिले गेले आहे, त्याला पुन्हा टाकून देण्याची धमकी. काच फोडू द्यावी असे आमचे म्हणणे नाही. धाकट्या मुलाला मारणाऱ्याचा हात धरलाच पाहिजे, फुटलेल्या काचेचे पैसे सुटीत काम करून फेडवून घेतलेच पाहिजेत. परंतु शिक्षेत घराबाहेर काढणे नसावे. हे आम्ही आता सिस्टरांशी बोलून ठरविले आहे, आणि खरे सांगावयाचे तर ते पाळणे फार जड जाते.

एक शेवटची शंका राहते. मुलाच्या रागाला आपण न्याय्य म्हटले, तर त्या मृत पित्याला दोषी ठरविले असे होत नाही काय? आम्हांला तसे वाटत नाही. ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायदेसंहितेत स्वतःचा जीव घेणाऱ्यास धर्मविधीने दफन नाकारले होते; १९८३ च्या संहितेने ती बंदी वगळली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात, तीव्र मनोवेदना आणि भय यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, असे शिकविले आहे. त्या पित्याला किती दोष द्यावयाचा हे देवाकडे आहे. मुलाला जखम झाली, हे मात्र त्या हिशेबाची वाट न पाहता खरे आहे. प्रभू येशूनेही क्रुसावर आपल्या पित्याला, मला का सोडलेस, असा प्रश्न केला. त्याच्या पित्याने काही अन्याय केला असे आपण मानत नाही, आणि तरीही तो प्रश्न शुभवर्तमानातून कोणी खोडला नाही.

तो मुलगा आता तिशीकडे झुकला आहे. गेल्या नाताळात तो आईला घेऊन मिस्साला आला होता. आम्ही त्याला बाजूला घेतले आणि म्हणालो, त्या दिवशी तुझी चिठ्ठी कोरीच घ्यायला हवी होती. त्याने आमच्याकडे पाहिले. "तुमच्या ध्यानात हाय का ते, फादर?" एवढेच म्हणाला, आणि स्कूटरवर आई वाट पाहत होती म्हणून निघून गेला.

या वर्षीच्या पेटीत दोन चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. त्या कोणाच्या, हे आम्ही विचारले नाही. बाकीच्या चिठ्ठ्यांबरोबर त्याही महिनाभर वेदीवर होत्या.