मोट चालते, माणूस चालत नाही

‘त्या काळी सगळ्यांना ते मान्यच होतं.’ जुना वाडा-किल्ला दाखवणारा माणूस हे वाक्य हटकून बोलतो. प्रश्न अडचणीचा झाला की ह्या वाक्याची कडी लावून घेता येते. मित्रांनो, ह्यातले ‘सगळे’ म्हंजे कोण, एवढंच इथं तपासायचं आहे.

वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. पेशवाईतलं बडं घर कसं होतं ते बघायला लोक तिथं जातात. चौक बघतात, लाकडी खांब बघतात, भिंतीवरची चित्रं बघतात. जरूर बघावीत. पण त्या काळच्या बड्या घरांतलं दळण-कांडण, शेण-पाणी कोण करत होतं? पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. विकत घेतलेल्या बाया कोठीत, गोठ्यात, मुदपाकखान्यात राबत होत्या. जातं जपून ठेवता येतं. ते ओढणारीचं नावसुद्धा ठेवावं असं कुणाला वाटलं नाही.

साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटांची विहीर बघा. १७१९ ते १७२४ ह्या सालांत शाहू छत्रपतींच्या घरच्या वीरूबाईंनी ती बांधली. विहिरीच्या अंगातच छोटा महाल आहे, कोरीव खांब आहेत. वर एका वेळी बारा मोटा चालतील अशी सोय आहे. बघणारा दगडाला वाहवा देतो. आपण मोट उलगडून बघू. गावगाड्याच्या रीतीनं मेलेलं ढोर ओढायचं महारानं, कातडं कमवायचं ढोरानं, मोट शिवायची चांभारानं, नाडा वळायचा मांगानं. चारही हात अस्पृश्य. त्यांनी केलेलं कातडं दिवसभर पाण्यात बुडायचं, तरी विहीर बाटत नव्हती. त्याच हातांनी पोहरा सोडला असता तर बाटली असती! म्हंजे विटाळ कातड्यात नव्हताच. माणसाला राबवून घ्यायचं आणि माणसांत मोजायचं नाही, ह्या सोयीला त्यांनी विटाळ हे नाव दिलं.

आता म्हणतील, आजच्या फूटपट्टीनं जुना काळ मोजू नका. ठीक. त्याच काळातली फूटपट्टी घेऊ. चोखामेळा चौदाव्या शतकातला. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होता. १३३८ साली तीच भिंत कोसळून तिच्याखाली मेला. हे मंगळवेढं पुढं सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होतं. विटाळ कुठून आला, हा सवाल चोख्यानं जिवंतपणी आपल्या अभंगांतून केला होता. म्हंजे अन्याय कळत होता. ज्याच्यावर होत होता त्याला कळत होता. ‘सगळ्यांना मान्य होतं’ म्हणणारा चोख्याला सगळ्यांत धरत नाही. शिवाशीव तेव्हा पाणवठ्यावर होती, आज ती वाक्यात आहे.

आणि ‘तो काळ’ संपला तरी कधी? १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरून गोरेगावला वडिलांकडं निघालेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या भावंडांना वाटेत पाणी मिळालं नाही. तेव्हा ना छत्रपतींचं राज्य होतं, ना पेशव्यांचं.

आपल्यातले काही म्हणतात, त्या वाड्यांत आपलं काय पडलंय, जाऊच नका. काही म्हणतात, आपला झाडू-मडकंही तिथं मांडा. पहिल्यानं वाडा त्यांच्याच नावावर राहतो. दुसऱ्यानं आपली बेअब्रू काचेआड शोभेची होते. मला दोन्ही पटत नाही. आपण तिथं जावं आणि पाटी बदलून मागावी. बांधवून घेणाऱ्याचं नाव जिथं आहे, तिथंच दगड वाहणाऱ्याची, मोट शिवणाऱ्याची, दळणारीची ओळ पाहिजे. ही भीक नव्हे, हिशोब आहे.

तोवर एक काम करा. कुणी ‘सगळ्यांना मान्य होतं’ म्हणालं की त्याला तिथंच थांबवा आणि विचारा, सगळे म्हंजे कोण? उत्तर आल्याबिगर पुढच्या दालनात पाय टाकू नका.