दफ्तर मागे राहतं

सप्टेंबर लागला की जालन्यातल्या सीएंच्या ऑफिसबाहेरच्या बाकांवर एक ठरावीक मंडळी दिसू लागते. कुणी अंबडहून आलेलं असतं, कुणी परतूरहून, कुणी तीर्थपुरीहून. मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात अर्धवट वापरलेली पावतीपुस्तकं, रबर लावून बांधलेली व्हाउचरं, बँकेचं पासबुक आणि वर्षभर भरायची राहून गेलेली किर्द. मंडपाचं बिल नसतं, कारण मंडपवाला गावातलाच. त्याच्याकडे बिल मागायचं तरी कसं? आत नंबर लागायच्या आधी प्रत्येकाच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं : ‘‘आम्ही काय पैसे खाल्ले का?’’

या वाक्यात राग कमी आणि दुखावलेपण जास्त असतं. माणूस घरचं काम सोडून गावाचं वाचनालय चालवतो, शाळेतल्या पोरांना वह्या वाटतो, मंदिराच्या पत्र्यासाठी दारोदार फिरतो. आणि वर त्यानेच धर्मादाय कार्यालयाला हिशेब द्यायचा! भलेपणाचीच चौकशी लागल्यासारखं त्याला वाटतं.

कायदा काय मागतो ते एकदा शांतपणे पाहावं. मूळ कायदा १९५० चा, मुंबई राज्याचा. तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. आज त्या कायद्याला आपण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणतो. एरवी ३१ मार्चला हिशेब बंद करायचे, सहा महिन्यांत ऑडिट करून घ्यायचं आणि ताळेबंद व जमाखर्च धर्मादाय कार्यालयात दाखल करायचे. विश्वस्त बदलला, वारला किंवा राजीनामा देऊन गेला, तर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. संस्थेची जमीन विकायची तर आधी परवानगी घ्यायची. देणगीदाराला ८०-जीची करसवलत मिळवून द्यायची असेल, तर आयकर खात्याचं काम वेगळं. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून कुणी किती दिले याचं नावानिशी विवरण भरणं आलं, आणि दोन हजारांवरची रोख देणगी तर या सवलतीत बसतच नाही.

लहान संस्थेला हे जड जातं, हे खरं आहे. वर्षाची सगळी जमा काही हजारांची आणि त्यातले बरेच सीएच्या फीला आणि एसटीच्या खेट्यांना, असंही होतं. तेच आकडे दोन खात्यांना दोन नमुन्यांत द्यायचे म्हटल्यावर निवृत्त गुरुजी वैतागणारच. त्यांचा वैताग खोटा नाही. पण ‘आम्ही काय पैसे खाल्ले का’ हा प्रश्न मात्र चुकीच्या जागी विचारलेला आहे.

कारण दफ्तर न ठेवल्याचा फटका लबाडापेक्षा भल्या माणसाच्या संस्थेला जास्त बसतो. लबाडाचे कागद बहुतेक वेळा चोख असतात. तेवढी काळजी तो घेतोच. भला माणूस मात्र सगळं डोक्यात ठेवतो. कुणी किती दिले, कुठल्या दुकानाची उधारी आहे, जागेचा कागद कुणाच्या पेटीत आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. गावाचा त्याच्यावर विश्वास असतो, म्हणून कुणी विचारत नाही. आणि एक दिवस तो जातो. त्याच्याबरोबर संस्थेची सगळी खातेवहीही जाते.

मग दहा-बारा वर्षांनी नवी पोरं उत्साहाने संस्था हातात घेतात. बँकेत जातात, तर खात्यावर सह्या दोन दिवंगतांच्या. परिशिष्ट एकची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीची, नक्कल काढतात, तर सात विश्वस्तांतले तीन देवाघरी गेलेले आणि एक पुण्याला लेकाकडे राहणारा. चेंज रिपोर्ट एकही दिलेला नाही. आता जुन्यापासून सुरुवात, कारण आधीचा बदल मंजूर झाल्याशिवाय पुढचा अडतो. मृत्यूचे दाखले, सभेची सूचना, ठराव, प्रतिज्ञापत्र, उशिराच्या माफीचा अर्ज आणि तारखा. ज्याने आयुष्यभर एक पैसाही इकडचा तिकडे केला नाही, त्याच्याच संस्थेचं दार पुढच्या पिढीला बंद सापडतं.

प्रामाणिकपणा वारशाने देता येत नाही. दफ्तर देता येतं.

याची एक आठवण जवळचीच. तीर्थपुरी ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास परमार्थावर नाही, लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा सरळ याव्यात, शाई, लेखणी आणि कागद यांची निगा कशी राखावी, इतक्या बारकाव्यात समर्थ शिरतात. आध्यात्मिक ग्रंथात याचं काय काम, असं लहानपणी वाटायचं. आता वाटतं, गावोगाव मठ उभे करणाऱ्या माणसाला नीट लिहून ठेवण्याचं मोल कळलं नसतं तरच नवल. सांगणारा कायम जवळ नसतो, लिहिलेलं तेवढं हाताशी उरतं.

दुसरी आठवण पुण्याची. २ एप्रिल १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या मुळाशी पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलची लोकांची नाराजी होती. म्हणजे महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातली ही मोठी संस्था एका देवस्थानाच्या व्यवस्थेबद्दल जाब विचारण्यातून उभी राहिली. आणि जाब विचारणाऱ्यांनी आधी स्वतःला बांधून घेतलं. सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं, असा नियम केला. आपण कुणाच्या वतीने बोलतो याचाही कागद हवा, हे त्या मंडळींना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

‘सार्वजनिक’ हा शब्द तेव्हा सभेच्या नावात होता, आज तो आपल्या कायद्याच्या नावात आहे. संस्था नोंदवली त्या दिवशी ती आपली उरली नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक्कावन्न रुपये देणारी आजी ताळेबंद बघायला जालन्याला जाणार नाही. तिला त्यातला आकडाही कळणार नाही. ती विचारणार नाही, म्हणूनच तिच्या वतीने कुणीतरी विचारायला हवं आणि आपण सांगायला हवं. यात संशयाचा प्रश्नच येत नाही. तिने डोळे झाकून दिले. आपण डोळे उघडे ठेवून लिहायचे.

हे काही मोठं शास्त्र नाही. पैसे हातात पडले की त्याच वेळी पावती फाडावी. आलेली रक्कम आधी बँकेत भरावी आणि खर्च नंतर तिथून काढून करावा. मंडपवाला गावातला असला तरी साध्या कागदावर त्याची सही घ्यावी. त्यालाही त्यात वावगं वाटत नाही. सभा झाली की इतिवृत्त त्याच रात्री लिहावं. रोज दहा मिनिटं दिली, तर सप्टेंबरात बाकावर बसून घाम पुसावा लागत नाही.

आपण एखाद्या संस्थेचे विश्वस्त असाल, तर आज एवढंच करा : कपाट उघडा, परिशिष्ट एकची नक्कल बाहेर काढा आणि त्यावरची नावं मोठ्याने वाचा. जी माणसं आता ‘हो’ म्हणायला नाहीत, त्यांचा चेंज रिपोर्ट आधी द्या.