लग्नघरचे चाकर आणि डीजेवाले

(शास्त्रपाठ : योहान २ : १-११)



काना गांवच्या लग्नाची कथा वाचतांना आपण प्रभूकडे पाहतों, त्याच्या आईकडे पाहतों, भोजनकारभाऱ्याकडेही पाहतों. परंतु पाणी वाहणाऱ्या चाकरांकडे सहसा कोणी पाहत नाहीं. त्यांचीं नांवेंही शास्त्रांत नाहींत. तेथें सहा दगडी रांजण होते व एकेकांत दोन-तीन मण पाणी मावत असे. ते अर्धेच भरून चाकर स्वस्थ बसते, तर त्यांना कोण विचारणार होतें? त्यांनीं ते काठोकाठ भरले. नववें वचन पाहा : द्राक्षारस कोठून आला हें कारभाऱ्याला कळलें नाहीं, चाकरांना मात्र ठाऊक होतें. इमानानें काम करणाऱ्यांस प्रभूचें गौरव आधीं दिसलें.

आज आपल्या लग्नांत बहुतेक ठिकाणीं ताशा व बँड ह्यांच्या जागीं डीजे आला आहे. वाद्यांस आमचा विरोध नाहीं. प्रभु स्वतः लग्नाच्या आनंदांत बसला होता. हा धंदा आपल्या मंडळ्यांतील कांहीं तरुणही कर्ज काढून करितात, म्हणून तीन गोष्टी सांगणें अवश्य आहे.

पहिली गोष्ट, दिलेल्या शब्दाची. एकाच दिवशीं दोन गांवांची सुपारी घ्यावयाची, इसार दोन्हींकडून खिशांत घालावयाचा, एका घरीं चार तास उशिरां जावयाचें आणि वरात अर्ध्या वाटेवर असतांना जादा पैशासाठीं यंत्र बंद करावयाचें, हा धंदा नव्हे. ही अडवणूक होय. मुलीचा बाप पाहुण्यांदेखत हात जोडतो, तें देव पाहतो. आपल्या होकाराचा अर्थ होकारच असावा, असें प्रभूनें शिकविलें आहे (मत्तय ५ : ३७).

दुसरी, मर्यादेची. दारू पिऊन येणें, ध्वनिक्षेपकावरून मुलींना उद्देशून अचकट-विचकट बोलणें, वडीलधाऱ्यांनीं नको म्हटलेलें गाणें मुद्दाम लावणें, दुसऱ्या समाजाच्या वस्तीवरून जातांना डिवचणारें गाणें वाजविणें : ह्यांतून भांडणें पेटतात, आणि नव्या संसाराचा पहिला दिवस पोलीस चौकींत मावळतो.

तिसरी, शेजाऱ्याची. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली आहे. वस्तींत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल आहे. कायदा नसता तरी भिंतीपलीकडची बाळंतीण, हृदयविकाराचा म्हातारा व परीक्षेचा अभ्यास करणारें मूल हे आपले शेजारीच आहेत. ज्याच्या घराचीं तावदानें आपण रात्रीं हादरविलीं, त्याला सकाळीं प्रीतीची सुवार्ता कोणत्या तोंडानें सांगावी?

परंतु सारा दोष डीजेवाल्याच्या माथीं मारून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. त्याला बाटली कोण देतो? दहा वाजल्यावर "आणखी एक" म्हणून गळ कोण घालतो? काम झाल्यावर उरलेल्या पैशासाठीं त्याला महिनाभर हेलपाटे घालावयास कोण लावितो? मोलकऱ्याची मजुरी सकाळपर्यंतही अडकवून ठेवण्याची मनाई आहे (लेवीय १९ : १३). ती आज्ञा लग्नघरासही लागू आहे.

म्हणून पाळक व उपदेशक बंधूंनीं मंदिरांत लग्नाची घोषणा वाचण्याच्या दिवसांतच घरधनी व डीजेवाला ह्यांना समोरासमोर बसवावें. येण्याची व थांबण्याची वेळ, एकूण रक्कम व इसार, कोणतीं गाणीं नकोत, हें सर्व कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या. आवाज थांबला कीं राहिलेला पैसा तेथेंच हातांत द्यावा.

आणि तरुण बंधूंनो, तुमचें काम हलकें नाहीं. वाजविणाराही लग्नघरचा चाकरच आहे, आणि कानाच्या लग्नांत प्रभूनें आपला पहिला चमत्कार चाकरांच्या हातून करविला. तुम्हांस दिलेला रांजण काठोकाठ भरा. त्यांत चिखल घालूं नका. मग तुम्हीं वाजविलेल्या लग्नाची आठवण त्या घरीं आनंदानें निघेल, आणि तुमच्या मंडळीलाही खालीं पाहावें लागणार नाहीं. प्रभु आपणां सर्वांस ही कृपा देवो. आमेन.